सल्ला आणि संमती : विल्यम व्हाइट ह्यांच्या पुस्तिकेचे पुनर्वाचन

१७८२ सालच्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी एक छोटेखानी पुस्तिका छापून प्रसिद्ध झाली. तिच्यावर लेखकाचे नाव नव्हते. ती लिहिली होती तेथील ख्राइस्ट चर्चचे प्रमुख धर्मगुरू विल्यम व्हाइट ह्यांनी. त्या वेळी त्यांचे वय ३४ वर्षांचे होते. पुस्तिकेचे नाव मराठीत सांगायचे तर ‘संयुक्त संस्थानांतील एपिस्कोपल चर्चच्या स्थितीचा विचार’ असे होईल. नाव रुक्ष आहे आणि आतील मजकूरही बराचसा वकिली वळणाचा आहे. भक्तिरसाच्या अपेक्षेने कोणी ती हाती घेतली तर त्याची निराशाच होईल. तथापि धर्मगुरू आणि प्रापंचिक ह्यांनी मिळून एखादा धर्मप्रांत कसा चालवावा, ह्या प्रश्नावर इतक्या थोड्या पानांत इतके परिणामकारक लेखन दुसरे आमच्या पाहण्यात नाही. एका संपूर्ण चर्चची घटना त्या पानांतून उगवली आणि ती आजही चालू आहे.

आज ह्या जुन्या पुस्तिकेकडे वळण्यास कारण आहे. २०२१ साली सुरू झालेल्या सिनडचा अंतिम दस्तऐवज २६ ऑक्टोबर २०२४ रोजी संमत झाला आणि फ्रान्सिस पोपमहोदयांनी तो आहे तसा ख्रिस्तसभेच्या हाती दिला. धर्मग्राम व धर्मप्रांत ह्या दोन्ही पातळ्यांवरील परिषदा ऐच्छिक न राहता आवश्यक व्हाव्यात, असे त्यात म्हटले आहे. आपल्या धर्मकायद्यात येणाऱ्या ‘केवळ सल्ल्यापुरते मत’ ह्या शब्दप्रयोगाचा पुन्हा विचार व्हावा, असेही त्यात सुचविले आहे. २०२५च्या एप्रिलमध्ये फ्रान्सिस पोपमहोदय देवाघरी गेले. त्यांनी मागे ठेवलेले काम अद्याप चालू आहे. सायंकाळच्या मिस्सेनंतर चर्चच्या पडवीत ह्या विषयाची चर्चा निघाली की आम्हांस दोन सूर हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, आता फादरांना कमिटीला विचारल्याशिवाय दिवाही लावता येणार नाही. दुसरा विचारतो, म्हणजे आता आपण प्रोटेस्टंट होणार की काय? दोन्ही सुरांत अज्ञान किती आणि भय किती, हे ठरविणे कठीण आहे. ज्यांनी हा प्रयोग सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ केला आहे, त्यांच्या मूळ लेखनाकडे जावे, हा त्यावरचा आम्हांस सुचलेला मार्ग.

एपिस्कोपल चर्च ही अँग्लिकन परिवारातील अमेरिकन शाखा होय. आमच्या सेमिनरीच्या काळात ख्रिस्तसभेचा इतिहास शिकताना अँग्लिकनांचा विषय आठव्या हेन्रीच्या विवाहापाशी सुरू होई आणि बहुधा तेथेच संपे. त्यामुळे त्यांच्यातही बिशप आहेत, धर्मप्रांत आहेत, प्रेषितांपासून चालत आलेल्या परंपरेचा आग्रह आहे, हे आपल्या वाचकांपैकी अनेकांना नवे वाटेल. त्यांच्या गुरुदीक्षेविषयी लिओ तेरावे पोपमहोदय ह्यांनी १८९६ मध्ये दिलेला निर्णय प्रसिद्ध आहे. तो वाद प्रस्तुत लेखाचा विषय नाही.

व्हाइट ह्यांच्यापुढे असलेली अडचण मात्र नीट समजून घेतली पाहिजे. अमेरिकेतील वसाहतींमध्ये इंग्लंडच्या चर्चची मंदिरे होती, धर्मगुरू होते, पण बिशप एकही नव्हता. देखरेख असायची ती समुद्रापलीकडील लंडनच्या बिशपांची. गुरुदीक्षा हवी असलेल्या तरुणाला गलबतातून लंडनला जावे लागे, आणि गेलेले सर्वच परतत नसत. कोणी बुडत, कोणी देवीच्या साथीत मरत. पुढे स्वातंत्र्ययुद्ध झाले. दीक्षेच्या वेळी राजाशी निष्ठेची शपथ घेतलेल्या आणि प्रत्येक उपासनेत राजासाठी प्रार्थना करणाऱ्या धर्मगुरूंनी आता काय करावे? बरेच जण देश सोडून गेले. इंग्लंडातून येणारे मिशनऱ्यांचे वेतन बंद झाले. व्हाइट स्वतः वसाहतींच्या बाजूचे होते. वसाहतींच्या काँग्रेसचे ते चॅप्लेन होते. त्यांच्या डोळ्यांदेखत एक चर्च धर्मगुरूंवाचून मरू घातले होते आणि नवे धर्मगुरू देणारा बिशप मिळण्याची आशा दिसत नव्हती.

अशा वेळी त्यांनी मांडलेला तोडगा धाडसाचा होता. प्रत्येक भागातील चर्चेसनी आपले धर्मगुरू व प्रापंचिक प्रतिनिधी निवडून एक मंडळ करावे, अशा मंडळांनी मिळून मोठे मंडळ करावे, आणि कारभार त्यांनी पाहावा. बिशप मिळेपर्यंत वाट न पाहता निवडलेल्या वरिष्ठ धर्मगुरूंनी तात्पुरती दीक्षा द्यावी; बिशप मिळाल्यावर परंपरा पुन्हा जोडून घ्यावी. निरुपायाच्या प्रसंगी नियम शिथिल होतो, ह्या म्हणण्यास त्यांनी रिचर्ड हूकरसारख्या जुन्या अँग्लिकन धर्मपंडितांचा आधार घेतला आहे.

ह्या तात्पुरत्या दीक्षेच्या सूचनेवरच पुढे सारे वादळ उठले. आम्हांस मात्र पुस्तिकेतील अधिक मोलाचा भाग दुसराच वाटतो. व्हाइट म्हणतात, वरिष्ठ पदावरील धर्मगुरूला त्याच्या धर्मग्रामातील कामापासून तोडू नये. म्हणून त्याच्या देखरेखीखालचा प्रदेश लहानच असावा. बिशप हा आधी कोणत्या तरी धर्मग्रामाचा पाळक असावा, अशी ही कल्पना आहे. आणि विशेष हे की लेखकाने ती स्वतः पाळली. १७८७ मध्ये ते पेनसिल्व्हेनियाचे बिशप झाले, १८३६ मध्ये वारले, आणि त्या ४९ वर्षांत ख्राइस्ट चर्चचे प्रमुख धर्मगुरूपद त्यांनी सोडले नाही. धर्मप्रांताच्या अध्यक्षपदावरून उतरून आपल्याच चर्चच्या व्हेस्ट्रीपुढे, म्हणजे प्रापंचिकांच्या निवडून आलेल्या व्यवस्थापक मंडळापुढे, बसणे ज्याला चुकत नाही, त्याच्या अंगी पदाची सूज चढणे जरा अवघडच! ही कल्पना पुढे त्यांच्या चर्चनेही टाकून दिली, ह्याचे आम्हांस वाईट वाटते.

आता पुस्तिकेच्या उणिवांकडे वळू. बिशपची निवड धर्मगुरू आणि प्रापंचिक ह्यांनी मिळून करावी, कारण त्या निवडीशी दोघांचाही संबंध आहे, असे सांगून व्हाइट प्राचीन ख्रिस्तसभेचा दाखला देतात. आरंभीच्या शतकांत बिशप लोकांच्या निवडीने होत, खुद्द रोममध्येही ती प्रथा कित्येक शतके चालली, असा त्यांचा युक्तिवाद आहे. दाखला खोटा नाही. ३७४ साली मिलानच्या लोकांनी अजून स्नानसंस्कारही न झालेल्या अँब्रोझ ह्यांना बिशप म्हणून मागून घेतले, हे आपण त्यांच्या चरित्रात वाचतो. पण त्याआधी अवघ्या आठ वर्षांपूर्वी, ३६६ साली, रोममध्ये दामासुस ह्यांच्या निवडीच्या वेळी दोन पक्षांत जी दंगल झाली, तीत एका बॅसिलिकेत एकाच दिवशी १३७ प्रेते सापडल्याची नोंद आम्मियानुस मार्सेलिनुस ह्या तत्कालीन इतिहासकाराने करून ठेवली आहे. १०५९ मध्ये दुसरे निकोलस पोपमहोदय ह्यांनी रोमच्या निवडणुकीची सूत्रे कार्डिनलांच्या हाती दिली, तीही रोममधील बड्या घराण्यांच्या पकडीतून ती सोडविण्यासाठी. जुन्या काळाच्या निवडणुका आठवताना व्हाइट ह्यांना त्यांतले रक्त आणि पैसा मात्र आठवत नाही. प्रापंचिकांचा सहभाग म्हटला की त्यात धनिकांचा सहभाग आधी शिरतो, हे त्यांना ठाऊक नसेल असे म्हणवत नाही. शेजारच्या व्हर्जिनियातील व्हेस्ट्र्या त्यांच्यासमोरच होत्या. तेथील बडे जमीनदार व्हेस्ट्रीतील रिकाम्या जागा आपल्यातूनच भरीत आणि धर्मगुरूला कायम न करता वर्षावर्षाच्या बोलीवर ठेवीत. ज्याची भाकरी दरवर्षी नव्याने ठरते, त्याच्या प्रवचनाला कितपत धार राहील?

दुसरी उणीव अधिक खोल आहे. प्रापंचिकांना कारभारात स्थान का द्यावे, ह्याचे व्हाइट ह्यांनी दिलेले उत्तर मुख्यतः हक्काचे आणि सोयीचे आहे. ज्याचा संबंध त्याला मत, हे त्याचे सार. संत पौलाने सांगितलेले एक शरीर आणि त्याचे अनेक अवयव, किंवा स्नानसंस्काराने प्रत्येकाला लाभलेला ख्रिस्ताच्या याजकपणातील वाटा, ह्या पायावर हा युक्तिवाद उभा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रापंचिकांविषयी जे सांगितले ते वाचलेल्या माणसाला ही पुस्तिका म्हणूनच थोडी कोरडी लागते. घराचा कारभार सांगितला आहे, पण घरात जेवायला बसायचे आहे हे सांगायचे राहून गेले आहे.

हीच उणीव त्या काळी कनेक्टिकट संस्थानातील धर्मगुरूंना खुपली, जरी त्यांचे बोलणे वेगळे होते. २५ मार्च १७८३ रोजी वुडबरी ह्या गावी दहा धर्मगुरू एकत्र जमले. प्रापंचिक एकही नव्हता आणि बैठक गुप्त होती. बिशपवाचून ख्रिस्तसभा नाही, आणि बिशप लोकांच्या मतातून निर्माण होत नाही, ही त्यांची भूमिका. त्यांनी व्हाइट ह्यांच्या पुस्तिकेचा निषेध करणारे पत्र धाडले आणि सॅम्युएल सीबरी ह्यांना बिशपपदासाठी इंग्लंडला पाठविले. राजनिष्ठेची शपथ घेतल्यावाचून इंग्लंडचे बिशप अभिषेक करू शकत नव्हते. तेव्हा सीबरी स्कॉटलंडला गेले आणि १४ नोव्हेंबर १७८४ रोजी ॲबर्डीन येथे तीन स्कॉटिश बिशपांच्या हातून त्यांचा अभिषेक झाला. ब्रिटिश पार्लमेंटने कायदा बदलल्यावर ४ फेब्रुवारी १७८७ रोजी लंडनच्या लॅम्बेथ राजवाड्यात व्हाइट आणि न्यूयॉर्कचे सॅम्युएल प्रोव्हूस्ट ह्यांना बिशपपद मिळाले.

दोन्ही पक्षांकडे आता बिशप होते, आणि दोन चर्चेस होण्याचा धोका उभा होता. १७८९च्या अधिवेशनात तडजोड झाली. सीबरी ह्यांच्या आग्रहामुळे बिशपांचे स्वतंत्र सभागृह झाले (पूर्ण नकाराधिकार त्याला १८०८ मध्ये मिळाला), आणि व्हाइट ह्यांच्या आग्रहामुळे धर्मगुरू व प्रापंचिक प्रतिनिधींचे सभागृह राहिले. एकाने बिशपची प्रतिष्ठा राखली, दुसऱ्याने लोकांची जागा. ह्या तडजोडीत ज्याला आपल्या मनासारखे सर्व मिळाले असा कोणी नव्हता, आणि आमच्या मते तिच्या टिकाऊपणाचे एक कारण तेही आहे.

ह्या घटनेचा सांगाडा आज कसा चालतो, हे थोडे तपशिलात सांगणे जरूर आहे, कारण पडवीतील चर्चेत नेमके हेच कोणाला माहीत नसते. धर्मप्रांताचे वार्षिक अधिवेशन भरते; त्यात धर्मगुरू आणि धर्मग्रामांनी पाठविलेले प्रापंचिक प्रतिनिधी बसतात. बिशप निवडताना दोन्ही गटांची मते वेगवेगळी मोजतात आणि दोहोंतही बहुमत लागते. धर्मगुरूंनी उचलून धरलेला उमेदवार प्रापंचिकांना नको असेल तर तो निवडून येत नाही, आणि उलटही तसेच. एवढ्यावर भागत नाही. देशभरातील इतर धर्मप्रांतांच्या बिशपांपैकी बहुसंख्यांची आणि तेथील स्थायी समित्यांपैकी बहुसंख्यांची संमती १२० दिवसांत मिळाली तरच अभिषेक होतो. अभिषेक अर्थातच बिशपच करतात. मताने माणूस निवडला जातो, बिशप होतो तो हस्तस्पर्शाने; ‘मतपेटीतून बिशप निघतो’ ही आपल्याकडील थट्टा म्हणूनच अर्धवट माहितीची आहे.

स्थायी समिती हा ह्या रचनेचा कणा होय. अधिवेशनाने निवडलेले धर्मगुरू आणि प्रापंचिक तिच्यात असतात. ती बिशपची सल्लागार आहे. पण कित्येक बाबतींत तिचा सल्ला पुरेसा नसून संमती लागते. धर्मग्रामाची जमीन वा इमारत विकायची अगर गहाण ठेवायची असेल तर व्हेस्ट्रीचा ठराव पुरत नाही, बिशपची सहीही एकटी पुरत नाही. बिशप आणि स्थायी समिती ह्या दोघांची लेखी संमती हवी. बिशपपद रिकामे असेल तेव्हा धर्मप्रांताचा अधिकार ह्याच समितीकडे येतो. आणि धर्मगुरूचे संरक्षणही ह्याच कायद्यात आहे. व्हेस्ट्री प्रमुख धर्मगुरूला बोलावू शकते, परंतु त्याच्या इच्छेविरुद्ध त्याला स्वतःच्या अधिकारात काढून टाकू शकत नाही. वाद बिशपकडे जातो. उपासनेचा अधिकार धर्मगुरूचा, मालमत्तेची व्यवस्था व्हेस्ट्रीची. व्हर्जिनियातील जमीनदारांचा धडा निदान कागदावर तरी गिरवला गेला.

ह्या कुळातील कारभार आपल्यापासून फार दूर आहे असेही नाही. १८३७ मध्ये मुंबईत अँग्लिकन धर्मप्रांत स्थापन झाला. १९३० साली भारतातील अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या कायदेशीर बंधनातून मुक्त होऊन स्वतःच्या घटनेने चालू लागले, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे इतर काही चर्चेसबरोबर त्यातून उत्तर भारतीय चर्च निर्माण झाले. आपल्या शेजारच्या सी.एन.आय. कुटुंबांत पॅस्टोरेट कमिटीच्या निवडणुकीच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना ह्या पद्धतीचे गुण आणि भांडणे दोन्ही ठाऊक असतील.

भांडणांचा विषय निघालाच आहे तर दक्षिण कॅरोलायनाचे उदाहरण टाळून चालणार नाही. २००६ मध्ये त्या धर्मप्रांताने मार्क लॉरेन्स ह्यांना बिशप म्हणून निवडले. स्थायी समित्यांच्या संमती विधिपूर्वक पुरेशा आल्या नाहीत, म्हणून २००७च्या मार्चमध्ये निवड रद्द ठरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांना पुन्हा निवडले, ह्या वेळी संमती मिळाल्या आणि २००८च्या जानेवारीत अभिषेक झाला. पुढे मतभेद विकोपास गेले आणि २०१२ साली बिशप व धर्मप्रांताचा मोठा भाग मूळ चर्चमधून बाहेर पडला. त्या निर्णयात धर्मप्रांताची स्थायी समिती बिशपच्या पाठीशी होती. मंदिरे कोणाची, ह्यावर खटले चालले. २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने काही मंदिरे एका पक्षाला आणि काही दुसऱ्याला दिली. जी समिती अंकुश म्हणून नेमली, ती बिशपशी एकमताची झाली की अंकुश राहतोच कोठे? ह्याउलट फ्लोरिडात २०२२ मध्ये एकाच उमेदवाराची दोनदा निवड झाली आणि २०२३ मध्ये इतर धर्मप्रांतांच्या समित्यांनी पुरेशी संमती दिली नाही. निवड निष्फळ ठरली. पहिल्या निवडणुकीतील धर्मगुरूंच्या गणपूर्तीविषयी तक्रारी झाल्या होत्या. घरच्यांनी दोनदा हो म्हटलेल्याला बाहेरच्यांनी नाही म्हणावे, हे कठोर वाटते. तरीही एका धर्मप्रांतातील बहुमत म्हणजे संपूर्ण ख्रिस्तसभा नव्हे, एवढी जाण ह्या नियमात आहे, आणि ती आम्हांस अस्सल धर्मभावनेची वाटते.

पुस्तिकेतील सर्वांत मोठे मौन मात्र वेगळेच आहे. ‘प्रापंचिक’ हा शब्द व्हाइट पुनःपुन्हा वापरतात. तो कोणाकोणाला लागू, हे सांगत नाहीत. त्यांच्या काळच्या वाचकाला सांगण्याची गरजही वाटली नसेल. १७९४ मध्ये फिलाडेल्फियातच कृष्णवर्णीय ख्रिस्ती लोकांनी ॲब्सलम जोन्स ह्यांच्या नेतृत्वाखाली संत थॉमसच्या नावाचे चर्च उभारले आणि एपिस्कोपल धर्मप्रांतात प्रवेश मागितला. जोन्स जन्माने गुलाम होते, स्वकष्टाने स्वतंत्र झालेले. १७९५ मध्ये त्यांना डीकनपदाची दीक्षा देण्यासाठी ग्रीक-लॅटिन भाषांच्या ज्ञानाची अट सोडण्यात आली. पण त्याच ठरावात असेही घातले गेले की ह्या चर्चने धर्मप्रांताच्या अधिवेशनात धर्मगुरू किंवा प्रतिनिधी पाठवू नयेत. बिशप कोण होते? विल्यम व्हाइट. जोन्स ह्यांना दीक्षा दिली तीही त्यांनीच. वेदीपाशी ज्याच्या मस्तकावर हात ठेवला, त्याला अधिवेशनात खुर्ची नाही! ही बंदी उठायला १८६०चे दशक उजाडावे लागले. जो लेखक ‘ज्याचा संबंध त्याला मत’ म्हणतो, त्याच्याच धर्मप्रांतात असे घडले, ह्यावर पुस्तिकेच्या प्रशंसकांनी फारसे थांबू नये, हे आम्हांस पटत नाही.

स्त्रियांचे तसेच. १९४६ मध्ये मिसुरीहून निवडून आलेल्या एका स्त्रीला सर्वसाधारण अधिवेशनात बसू दिले गेले. १९४९ मध्ये निवडून आलेल्या चौघींना मात्र जागा नाकारण्यात आली. घटनादुरुस्ती होऊन स्त्री-प्रतिनिधी रीतसर बसल्या त्या १९७० साली, म्हणजे पुस्तिका निघाल्यानंतर १८८ वर्षांनी. मंदिराची साफसफाई, वेदीची फुले, मुलांची धर्मशिक्षा आणि निधीची भाजीभाकरी ज्यांच्या हातची, त्यांचा ‘संबंध’ एवढ्या उशिरा लक्षात आला. आपल्या धर्मग्रामांतील समित्यांच्या याद्या वाचकांनी ह्या दृष्टीने एकदा वाचून पाहाव्यात. वर्गणी देणारी पाच-सात घराणी तीत दिसतील. भाड्याच्या खोलीत राहणारे, दुरून कामाला आलेले, मच्छी विकणाऱ्या बाया किती दिसतील?

आमच्या धर्मकायद्याविषयी चार शब्द. १९८३च्या संहितेनुसार धर्मग्रामाची पालकीय परिषद बिशपांना योग्य वाटल्यास स्थापन होते आणि तिला केवळ सल्ल्यापुरते मत असते. वित्तसमिती मात्र प्रत्येक धर्मग्रामात सक्तीची आहे. धर्मप्रांताच्या पातळीवर तर गोष्ट आणखी पुढची आहे. ठराविक मर्यादेवरील मालमत्ता विकताना, किंवा नेहमीच्या कारभाराबाहेरचा मोठा आर्थिक निर्णय घेताना, बिशपांना धर्मप्रांतीय वित्तसमितीची आणि सल्लागार धर्मगुरूंच्या मंडळाची संमती घ्यावी लागते. जेथे संमती सांगितली आहे तेथे तिच्यावाचून केलेली कृती अवैध ठरते. त्या वित्तसमितीत अर्थव्यवहार व कायदा जाणणारे प्रापंचिक बसू शकतात, बसतातही. म्हणजे ‘संमती’ हा शब्द आपल्याला परका नाही. जमिनीच्या तुकड्यासाठी आपण तो वापरतो. जिवंत माणसांच्या पाळणुकीचा प्रश्न आला की ‘सल्ला’ म्हणतो. हा भेद कोठे योग्य आहे आणि कोठे केवळ सवयीचा, ह्याचा विचार सिनडच्या दस्तऐवजाने आपल्यावर सोपविला आहे. श्रद्धेचे सत्य मतदानाने ठरत नाही, ह्याबद्दल आमच्या मनात संशय नाही, आणि व्हाइट ह्यांची पुस्तिका वाचून तो उत्पन्नही झाला नाही. पण नव्या शाळेची जागा, चर्चची दुरुस्ती, दफनभूमीचे नियम, आलेल्या देणग्यांचा हिशेब, ही श्रद्धेची सत्ये नव्हेत. त्यांत बिशपांचा वा पॅरिश प्रिस्टचा एकट्याचा शब्द असावा असे प्रभूने कोठे सांगितल्याचे आम्हांस आठवत नाही.

एका कॅथलिक बिशपांनी हे दोनशे वर्षांपूर्वीच ओळखले होते. १८२० मध्ये चार्ल्सटन येथे, म्हणजे उपरोक्त दक्षिण कॅरोलायनातच, नवा कॅथलिक धर्मप्रांत झाला आणि आयर्लंडहून जॉन इंग्लंड हे तेथे बिशप म्हणून आले. त्या काळी अमेरिकेतील अनेक कॅथलिक धर्मग्रामांत प्रापंचिक विश्वस्त आणि बिशप ह्यांच्यात कडाक्याची भांडणे चालली होती. विश्वस्त धर्मगुरू नेमू पाहत, बिशप त्यांना बहिष्कृत करीत. फिलाडेल्फियाच्या संत मेरीच्या चर्चमध्ये तर फूट पडली होती. जॉन इंग्लंड ह्यांनी विश्वस्तांना मोडून काढण्याचा मार्ग धरला नाही. त्यांनी आपल्या धर्मप्रांतासाठी लेखी घटना तयार केली आणि १८२३ पासून तिच्याप्रमाणे अधिवेशने भरविली. धर्मगुरूंचे एक सभागृह, प्रापंचिकांचे एक सभागृह. पैशाचा हिशेब दोघांपुढे. सिद्धान्त, संस्कार आणि धर्मगुरूंची नेमणूक ही अधिवेशनाच्या कक्षेबाहेर, हे घटनेतच स्पष्ट नोंदविलेले. शेजारच्या एपिस्कोपल बांधवांकडे पाहूनच त्यांनी हे केले असे ठामपणे म्हणता येत नसले तरी दोन्ही रचना शेजारीशेजारी ठेवल्या की साम्य डोळ्यांत भरते. त्यांच्याही अधिवेशनात गुलामांना जागा नव्हती. किंबहुना १८४०-४१ मध्ये ह्याच बिशपांनी अमेरिकेतील गुलामगिरीच्या बचावासाठी वाचायला क्लेश व्हावेत अशी पत्रे लिहिली. प्रापंचिकांना पैसा पाहू द्या, हे सांगणारी प्रज्ञा येथे मात्र आंधळी राहिली.

तथापि त्यांच्या घटनेने आपल्या मर्यादेत काम केले. चार्ल्सटनच्या धर्मप्रांतात विश्वस्तांचे भांडण शमले. अन्य काही बिशपांना हा प्रकार रुचला नव्हता. रोमने त्याचा निषेधही केला नाही. व्हाइट ह्यांच्याजवळ नसलेली गोष्ट, म्हणजे ख्रिस्तसभेविषयीची कॅथलिक श्रद्धा, जॉन इंग्लंड ह्यांच्याजवळ होती. वक्तृत्व होते, १८२२ मध्ये सुरू केलेले साप्ताहिक होते, लोकांचे प्रेम होते. नव्हती ती एकच गोष्ट. त्यांची घटना बिशपांनी दिलेली होती आणि बिशपांच्या मर्जीवर उभी होती. पुढच्या बिशपाला बांधणारा धागा तीत नव्हता. एप्रिल १८४२ मध्ये ते वारले. त्यांच्यामागून आलेले इग्नेशियस रेनल्ड्स ह्यांनी अधिवेशने पुढे चालविली नाहीत.